माझा अनुभव : कर्करोग पसरतो कसा, या प्रश्नामागची वाटचाल

कर्करोगाचे बहुतेक रुग्ण मूळ गाठीने नव्हे, तर तिथून निघून फुप्फुस, यकृत, हाडे किंवा मेंदूत वाढलेल्या पेशींमुळे दगावतात, हे एम.एस्सी.ला शिकले तेव्हाच मी विषय ठरवला. पीएच.डी.साठी मिळालेला प्रश्न या प्रवासाच्या सुरुवातीचा होता : पेशी गाठीतून सुटते कशी? त्यासाठी ८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या पडद्यावर जेलचा थर द्यायचा, वर पेशी सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी वरची बाजू कापसाच्या बोळ्याने पुसून, आरपार गेलेल्या पेशी क्रिस्टल व्हायोलेटने जांभळ्या रंगवून मोजायच्या. काम आवडीचे होते, निकालही लगेच हाती येत.

प्रबंध लिहिताना मात्र जुन्या वाचनाने मला वळवले. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ रुग्णांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासून, पेशी हे बी असेल तर ते रुजायला जमीनही मानवणारी लागते, असे मांडले होते. पुढे १९७० मध्ये आयझाया फिडलर यांनी किरणोत्सारी खूण केलेल्या पेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या, तेव्हा २४ तासांनी त्यांतल्या एक टक्काही जिवंत उरल्या नव्हत्या आणि गाठी धरणाऱ्या ०.१ टक्क्याहूनही कमी होत्या. शिवाय निदान होईपर्यंत पेशी अनेकदा आधीच बाहेर पडलेल्या असतात. मग औषधाचा उपयोग व्हायचा तर तो परक्या अवयवात तग धरू पाहणाऱ्या पेशीवर व्हायला हवा, असे माझे ठाम मत झाले आणि पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी, मी तोच प्रश्न घेतला.

इथे खरी अडचण वेळेची होती. उंदराच्या शेपटीच्या शिरेतून टोचलेल्या बी१६ मेलॅनोमा (उंदराच्या त्वचेच्या कर्करोगाच्या) पेशींचे काळे ठिपके दोन-तीन आठवड्यांत फुप्फुसावर उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. पण त्या पद्धतीत गाठीतून सुटण्याचा टप्पाच वगळलेला असतो. मूळ गाठ वाढू देऊन ती काढायची आणि मागे राहिलेल्या सुप्त पेशींची वाट पाहायची, तर महिनोन्‌महिने जातात, आणि फेलोशिपची मुदत काही थांबत नाही. स्वतंत्र प्रयोगशाळेसाठी केलेला माझा पहिला अर्ज 'फार लांबणारे काम' या शेऱ्यासह परत आला. दुसऱ्या अर्जात मी प्रश्न तोच ठेवला, मात्र उंदरांमध्ये एकही गाठ वाढली नाही तरी त्या न वाढण्यातून कोणती माहिती मिळेल, हे पहिल्याच पानावर लिहिले. तो मंजूर झाला.

आता माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे काचपात्रात लवकर उत्तर देणारा एक प्रयोग आणि उंदरांवरचा एक लांबचा प्रयोग असतो. लांबच्या प्रयोगाला मी कात्री लावू देत नाही. स्तनाच्या काही कर्करोगांत उपचारांनंतर २० वर्षांनीही रोग उलटतो. इतका काळ अस्थिमज्जेत निपचित पडलेली पेशी कशाने जागी होते, हे आठवडाभराच्या प्रयोगात दिसणारच नाही.