पॅरिशच्या पेटीतला गठ्ठा

इंग्लंडमधल्या विल्टशर काउंटीतल्या एका लहानशा पॅरिशचे कागद त्या महिन्यात माझ्या टेबलावर होते. पॅरिश म्हणजे एक चर्च आणि त्याच्या हद्दीतलं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांची ही हकिकत आहे ते कुटुंब अजून तिथेच राहतं.

मी अभिलेखागारात काम करते. मऊ ब्रशने धूळ काढायची, घड्या उलगडायच्या, कागदात काय आहे ते यादीत लिहायचं. त्या मंगळवारी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी वाचनकक्षात आले. घराण्याचा माग त्यांनी बराच मागे नेला होता. जनगणनेत 1841 पर्यंत माणसांची नावं सापडतात, जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासून. त्याआधी मुख्य आधार चर्चच्या वहीचा, आणि तिथे ते अडले होते. पणजोबांच्या आजोबांच्या बाप्तिस्म्याची एकच ओळ : मुलाचं नाव, आईचं नाव आणि ‘बेस बॉर्न’, म्हणजे अनौरस. बापाचं नाव नाही. हे मूल मोठ्या हवेलीतल्या जमीनदाराचं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते.

मला एकदम आठवलं, ते आडनाव मी आदल्याच आठवड्यात याच पॅरिशच्या एका गठ्ठ्यात वाचलं होतं.

1538 साली थॉमस क्रॉमवेलने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं लिहून ठेवायला लावली, आणि वहीसाठी कुलूपबंद पेटी ठेवायला सांगितली. पुढे त्याच पेट्यांत गरिबांचे कागद जमत गेले. 1601 च्या कायद्याने गरिबांना पोसणं पॅरिशच्या गळ्यात पडलं. खर्च गावातल्याच लोकांच्या करातून, म्हणून 1662 च्या कायद्याने परगावचा माणूस आपल्यावर भार होईल असं दिसलं की त्याला त्याच्या हक्काच्या पॅरिशमध्ये धाडता येऊ लागलं. हक्काचं पॅरिश कुठलं, हे ठरवायला न्यायाधीश त्याची जबानी घेत. कुठे जन्मलास, कुणाकडे चाकरी केलीस, किती दिवस, काय पगारावर. गावाच्या पैशाची ही काळजी, पण तिच्यापायी ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचं आयुष्य कागदावर उतरलं. आपल्याकडे नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वहीत पूर्वज सापडतात, पण जे यात्रेला जाऊ शकले त्यांचेच. इथे मात्र खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याच्या अनेकदा तीनच ओळी उरतात, आणि भुकेल्या मोलकरणीचं अख्खं पान.

जुन्या यादीत त्या गठ्ठ्यापुढे ‘गरिबांविषयीचे सुटे कागद’ एवढंच होतं. तो मी त्यांच्यासमोर सोडला.

अठराव्या शतकाच्या अखेरची जबानी. आई बाराव्या वर्षी चाकरीला लागलेली. अविवाहित माणसाने सलग वर्षभर चाकरी केली की त्या पॅरिशवर हक्क लागे, म्हणून मालक मुदत भरायच्या तीन-चार दिवस आधीच कामावरून काढत. हिच्या बाबतीत दोनदा तसंच झालं होतं. दिवस गेल्यावर तिला आठ मैलांवरच्या, तिच्या स्वतःच्या वडिलांच्या पॅरिशमध्ये पोचवलं, कारण अनौरस मूल जिथे जन्मेल तिथल्या पॅरिशचं होई. घोड्याचं आणि गाडीचं भाडंसुद्धा हिशेबात आहे. जबानीखाली तिची खूण : फुली, एक रेघ दुसरीपेक्षा लांब.

दोन कागद सोडून हमीपत्र निघालं. मुलाचा खर्च पॅरिशवर पडू नये म्हणून बापाने दिलेलं. बाप जमीनदार नव्हता. ती जिथे शेवटी कामाला होती, त्याच शेतावरचा गाडीवान. त्याचीही फुलीच.

मी गप्प बसले. घराण्याची आवडती गोष्ट आपल्या हाताने मोडली की समोरचा कसा घेईल, सांगता येत नाही. एकदा एक बाई रागाने उठून गेल्या होत्या. हे मात्र चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे तो खोटं बोलला नाही. बाप असल्याचं कबूल केलं त्याने.”

मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवायला सांगितले. लग्नाची नोंद आम्ही पुढच्या वीस वर्षांत शोधली, मिळाली नाही. गरिबांच्या हिशेबवहीत तिला आठवड्याला मिळणारे पैसे होते. एके ठिकाणी ‘तिच्या मुलाला जोड्यांची एक जोडी’. किती वर्षांचा होता, त्यांनी विचारलं. मी तारखा ताडून पाहिल्या. सहा.

“पावलं केवढी असतील,” असं म्हणत त्यांनी टेबलावर अंगठा आणि तर्जनी ताणून माप धरलं. कक्ष बंद व्हायची वेळ झाली होती. मी गठ्ठ्याची सुती फीत परत बांधली, आणि यादीतलं ते जुनं वर्णन खोडून तिघांची नावं लिहिली.