अमेरिकेची घटना, १८६८ साल आणि गंज पेठेतला हौद

राज्यसेवेच्या तयारीच्या जवळपास प्रत्येक पुस्तकात एक तक्ता असतो. डावीकडे देशाचं नाव, उजवीकडे आपल्या राज्यघटनेनं तिथून काय घेतलं ते. अमेरिकेपुढे लिहिलेलं असतं: मूलभूत हक्क, न्यायालयीन पुनर्विलोकन, स्वतंत्र न्यायव्यवस्था, महाभियोग, उपराष्ट्रपतिपद. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये मुलांनी तो टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. मी याच मुलांना राज्यव्यवस्था शिकवते, आणि त्या तक्त्याचा मला मनापासून राग येतो. मंडईतून भाजी आणावी तशी ही कलमं कुणी पिशवीत घालून आणलेली नाहीत.

अमेरिकेच्या घटनेची गोष्ट मी पैशांपासून सुरू करते. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तेरा राज्यांनी जो करार केला होता, त्यात केंद्राला कर लावायचा अधिकारच नव्हता. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या केंद्रीय विधिमंडळानं, राज्यांकडे पैसे मागायचे, राज्यांनी वाटलं तर द्यायचे. राष्ट्राध्यक्ष नाही, राष्ट्रीय न्यायव्यवस्था नाही, आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांची संमती हवी. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये कर्ज आणि करांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी न्यायालयं बंद पाडली. त्यांत युद्धात लढलेले कितीतरी सैनिक होते. त्यांचा म्होरक्या डॅनियल शेज हाही त्यातलाच. आणि हे बंड आवरायला केंद्राकडे ना पैसा होता ना फौज.

म्हणून १७८७ च्या मे महिन्यात फिलाडेल्फियात माणसं जमली. ऱ्होड आयलंडनं कुणालाच पाठवलं नाही. बाकीच्या बारा राज्यांतून आलेल्या ५५ जणांपैकी ३९ जणांनी १७ सप्टेंबरला सह्या केल्या. त्यांच्यापुढचा पेच खरोखर अवघड होता. राजाला नुकतंच झुगारून दिलेलं, आणि आता स्वतःच्या हातानं एक बळकट सरकार उभं करायचं. ते उद्या राजासारखं वागणार नाही कशावरून?

घटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसनचं उत्तर मला आजही थक्क करतं. माणसं देवदूत असती तर सरकारच लागलं नसतं, असं त्यानं लिहिलं. राज्यकर्ते सज्जन निघतील या भरवशावर घटना बांधायची नाही. एकाच्या महत्त्वाकांक्षेला दुसऱ्याच्या महत्त्वाकांक्षेनं अडवायचं. मग कायदा काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी, प्रतिनिधिगृह आणि सिनेट यांनी, करायचा, राष्ट्राध्यक्षानं तो नाकारला तर दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं जमवून पुन्हा मंजूर करायचा. न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष सुचवणार, पण सिनेटच्या संमतीशिवाय नेमणूक नाही. तिजोरीची किल्ली काँग्रेसकडे. घटनेशी विसंगत कायदा न्यायालय रद्द ठरवू शकतं, हे पुढे १८०३ मध्ये मार्बरी खटल्यात पक्कं झालं. १७९१ मध्ये पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या आणि नागरिकांचे हक्क लेखी झाले.

इथे मी मुलांना थांबवते आणि विचारते, या सगळ्यात बांधलं कुणाला जातंय? सरकारला. फक्त सरकारला.

आणि मग फळ्यावर एक गणित मांडते. एखाद्या राज्यात एक लाख गुलाम असतील, तर प्रतिनिधिगृहाच्या जागा ठरवताना ते साठ हजार धरले जायचे. तीन पंचमांश. त्या माणसांना मत नाही, आणि त्यांच्या डोक्यांवर वाढलेल्या जागा मिळायच्या त्यांना गुलाम म्हणून राबवणाऱ्या राज्यांना. हे मूळ घटनेत लिहिलेलं होतं. आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत काँग्रेसला बंदी घालता येणार नाही, हेही लिहिलेलं होतं. वर्गात त्या दिवशी फारसं कुणी बोलत नाही.

कायद्यापुढे सर्व समान, हे कलम १७८७ चं नाहीच. मुलांच्या डोक्यात हीच गल्लत असते. आपल्या कलम १४ मधलं ‘कायद्याचं समान संरक्षण’ आलंय अमेरिकेच्या चौदाव्या दुरुस्तीतून, आणि ती आहे १८६८ ची, प्रचंड रक्तपात झालेल्या यादवी युद्धानंतरची. आधी तेराव्या दुरुस्तीनं १८६५ मध्ये गुलामगिरी संपवली, नंतर १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीनं वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी केली.

त्याच १८६८ मध्ये पुण्यात, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत आहे. ती मी दरवर्षी वर्गात मोठ्यानं वाचते. इथून चालत जाता येईल इतक्या जवळच्या वाड्यात राहणारा माणूस पार तिकडचं जोखत होता.

तिकडे मात्र गाडी अडली. १८७५ मध्ये काँग्रेसनं कायदा केला: खाणावळी, वाहनं, नाटकगृहं यांत वंशावरून कुणाला अडवायचं नाही. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. समोरच्या खटल्यांपैकी एकात टेनेसीमध्ये एका बाईला रेल्वेच्या बायकांच्या डब्यात बसू दिलं नव्हतं. न्यायालय म्हणालं, चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसाला नाही. नऊपैकी एकट्या न्यायमूर्ती हार्लननी विरोध नोंदवला. हॉटेलांची दारं केंद्रीय कायद्यानं पुन्हा उघडायला १९६४ साल उजाडलं, आणि तेव्हाही काँग्रेसला आधार घ्यावा लागला तो आंतरराज्य व्यापाराच्या अधिकाराचा.

कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना हे सगळं माहीत होतं. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी अस्पृश्यांसाठी जी संरक्षणं मागितली, त्यांत अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५ च्या नागरी हक्कांच्या कायद्यांचाच हवाला दिला आहे. म्हणजे तिथल्या न्यायालयानं मोडीत काढलेला कायदा त्यांनी उचलून इथे मांडला. १९२७ मध्ये चवदार तळ्यावर त्यांना अडवणारं सरकार नव्हतं. नगरपालिकेनं तळं खुलं असल्याचा ठराव केलेला होता. अडवणारा होता तो गाव.

म्हणून माझ्या वर्गात कलम १५ चं दुसरं उपकलम तोंडपाठ करून चालत नाही, ते एकेक जागा मोजत वाचावं लागतं: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. मग कलम १७, अस्पृश्यता नष्ट. पाळणारा सरकारी असो वा खासगी. फिलाडेल्फियातल्या घटनेनं सरकारला वेसण घातली. दुकानदाराचा, हॉटेलवाल्याचा, विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाचा हात आपल्या घटनेनं धरला, आणि त्या तक्त्यात याला रकानाच नाही.