ग्लस्टर घरी, भाग ३: वायर उपटल्यावर

ग्लस्टर म्हणजे अनेक मशीनच्या डिस्क जोडून नेटवर्कवर एकच सामायिक फोल्डर (व्हॉल्यूम) बनवणारी प्रणाली. मागच्या वेळी तिन्ही डबे एकमेकांना ओळखू लागले होते, व्हॉल्यूम मात्र बनायचं होतं. ते एकदाचं बनलं. दोन जुने मिनी पीसी, प्रत्येकात एक टीबीची डिस्क, एक्सएफएसमध्ये फॉरमॅट केलेली. तिसरा रास्पबेरी पाय हा चिमुकला कॉम्प्युटर, तो फक्त आर्बिटर, म्हणजे पंच. आर्बिटरवर फाइलींची नावं आणि मेटाडेटा तेवढा राहतो, मजकूर अजिबात नाही, म्हणून छोट्या एसएसडीवर भागलं. नुसतं 'रेप्लिका २', म्हणजे पंचाशिवाय दोनच प्रती, करायला गेलात तर ग्लस्टर स्वतःच बजावतो की स्प्लिट-ब्रेन होऊ शकतो, म्हणजे दोन प्रती वेगवेगळ्या होऊन खरी कोणती ते ठरत नाही. दोघांचं म्हणणं जुळेना झालं की निवाड्याला तिसरा हवाच.

माउंट करणं एका ओळीचं काम. पण त्या ओळीत सर्व्हरचं जे नाव लिहितो, त्याबद्दल माझा बरेच दिवस गैरसमज होता. मला वाटायचं, सगळी वाहतूक त्याच मशीनमधून जाते. तसं नाही. त्याच्याकडून फक्त व्हॉल्यूमचा नकाशा, म्हणजे व्हॉलफाइल येते. पुढे क्लायंट, म्हणजे माउंट करणारं मशीन, सगळ्या ब्रिकांशी (प्रत्येक सर्व्हरवरच्या साठवणीच्या फोल्डरांशी) थेट बोलतो. लिहिताना दोन्ही प्रती क्लायंटच पाठवतो. त्यामुळे गिगाबिट केबलवरून मोठी फाइल टाकली की वेग बरोबर निम्म्यावर येतो. मी आधी स्विचवर संशय घेतला, मग केबल बदलली, आणि मग ओशाळलो.

आता मुद्द्याची गोष्ट. एसएसएचएफएस (दूरच्या मशीनचा फोल्डर एसएसएचवरून माउंट करायची सोय) वापरायचो तेव्हा एकदा चक्रावलो होतो: मी माउंट केलेला फोल्डर मला दिसतो, पण सुडो लावून बघितला तर रूटलाच, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी यूजरलाच, 'परमिशन डिनाइड'. फ्यूज म्हणजे फाइल सिस्टम कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामने चालवायची सोय; एसएसएचएफएस आणि ग्लस्टरचा माउंट दोन्ही त्यावरच चालतात. फ्यूजमध्ये हे मुद्दाम केलेलं आहे. 'अलाउ-अदर' दिल्याशिवाय ज्याने माउंट केलं त्याच्याखेरीज कुणालाच आत सोडत नाहीत. कारण पलीकडे कर्नलचा कोड नसतो, एखाद्या यूजरचा प्रोग्राम असतो, आणि त्याने उत्तरच दिलं नाही तर वाचायला आलेली प्रोसेस ताटकळत राहते. मग ती रूटची का असेना. त्या वेळी हे वाचून सोडून दिलं होतं. या आठवड्यात प्रत्यक्ष भोगलं.

रविवारी बाबा टीव्हीवर जुने फोटो बघत बसले होते. मी चाचणी म्हणून एका मिनी पीसीची लॅनची वायर उपटली. दुसरी प्रत आहे, आर्बिटर आहे, काय बिघडणार? फोटो जागच्या जागी थिजला. "अरे, हे अडकलंय बघ," असं म्हणत बाबांनी रिमोट तीनदा दाबला. मी घड्याळ बघत होतो. पाऊण मिनिटाच्या आत सगळं आपोआप सुरू झालं आणि तिन्ही वेळा दाबलेलं एकदम लागू पडून फोटो तीन पुढे गेला.

ग्लस्टरचा 'पिंग-टाइमआउट', म्हणजे गप्प झालेल्या ब्रिकची वाट बघायची मुदत, मुळात ४२ सेकंदांचा असतो. ब्रिकची प्रोसेस नीट बंद झाली तर टीसीपी जोडणी तुटल्याचं क्लायंटला लगेच कळतं आणि तो थांबत नाही. वायर उपटली की मात्र कुणी काही कळवतच नाही, म्हणून तो पूर्ण मुदत वाट बघतो. मी हुशारी करून ५ सेकंद केले. दुसऱ्याच रात्री मोठी कॉपी चालू असताना रास्पबेरी पाय दमला, पिंगला वेळेत उत्तर देईना, आणि जोडणी तुटायची, जुळायची, हील (मागे पडलेली प्रत दुरुस्त करणं) सुरू व्हायचं. प्रत्येक वेळी लॉक आणि उघड्या फाइली नव्याने जुळवाव्या लागतात, ते स्वस्तातलं काम नाही. निमूटपणे ४२ वर परत आलो. ठरवून रीस्टार्ट करायचं असेल तर आधी ग्लस्टरच्या पॅकेजमधलीच सगळ्या प्रोसेस थांबवणारी स्क्रिप्ट चालवतो. नुसता ग्लस्टरडी (ग्लस्टरची व्यवस्थापन करणारी सर्व्हिस) थांबवून ब्रिका थांबत नाहीत, हेही ठेच लागल्यावरच कळलं.

हात शिवशिवत होते म्हणून क्लायंटची ग्लस्टर प्रोसेस 'किल -९' करून पाहिली. माउंटच्या यादीत नाव तसंच, फोल्डर मात्र मेलेला: 'ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड'. घराला कुलूप, दारावर पाटी शाबूत. 'यूमाउंट -एल' करून नव्याने माउंट केलं की झालं. माझी बॅकअपची स्क्रिप्ट माउंट आहे का हे त्या यादीवरूनच ठरवायची. आता ती आधी एक फाइल वाचून बघते, आणि त्या वाचण्यालाही 'टाइमआउट' लावलाय, ६० सेकंदांचा. ४२ पेक्षा कमी ठेवला असता तर वायर निघाल्यावर उगाच बोंब मारली असती.

बूट होताना नेटवर्क यायच्या आधीच माउंट करायला जाण्याचा घोळ 'नेटडेव्ह' (नेटवर्कची वाट बघ, असं सांगणारा माउंटचा पर्याय) आणि सिस्टमडीच्या ऑटोमाउंटने (फोल्डर उघडल्यावरच माउंट) सुटला.

एक जण विचारत होता की ब्रिकच्या फोल्डरमध्ये थेट फाइली टाकल्या तर चालतील का, कॉपी पटकन होईल. बाबा रे, नको. प्रत्येक फाइलीला ग्लस्टरची स्वतःची ओळख, जीएफआयडी, लागते आणि ती माउंटमधून गेल्यावरच नीट मिळते.

फोटोंच्या एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइली आहेत, तिथे 'एलएस' अजून रडतं. प्रत्येक फाइलीची चौकशी नेटवर्कवरून. सध्या वर्षवार फोल्डर पाडतोय, २००९ पर्यंत आलोय.