चोडणच्या खारफुटीत होडीनं फिरायचं तर आधी तिथी बघा

डिसेंबरात गोव्याला जायचं ठरलं की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. मुलांना कळंगुटचं पॅरासेलिंग आणि जेट-स्की हवं असतं, मला पक्षी. या वेळी मी चोडण बेटावरच्या डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याचा हट्ट धरला, तोही होडीतून.

हॉटेलात बसणाऱ्या एजंटानं लगेच वेळ दिली. सकाळी अकरा, नाश्ता करून निवांत. म्हटलं, तेव्हा भरती असेल का? तर म्हणे, "सर, पाणी असतंच." मांडवीत असतंच की! अडचण खारफुटीतल्या चिंचोळ्या फाट्यांची आहे. ओहोटीला तिथे नुसता चिखल उरतो आणि होडी रुतून बसते. मुंबईच्या मानानं गोव्याची भरती-ओहोटी लहान, उधाणालाही दोनेक मीटरच्या आसपास. पण फाटा मुळातच उथळ असला की तेवढ्यानं सगळा खेळ बदलतो. एजंटाला नमस्कार केला आणि मालवणच्या मामांचा जुना हिशेब काढला.

हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पहाटे-सकाळी एकदा आणि दुपारी-संध्याकाळी एकदा. हा आकडा मुंबईकडचा. गोव्याला भरती अंदाजे तासभर आधी येते, आणि चोडण नदीत थोडं आत असल्यामुळे मुरगाव बंदराच्या वेळेत जरा भर घालायची. म्हणजे द्वादशीला आठ-साडेआठ. मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात मुरगाव टाकून पडताळलं, जुळलं. मग बेटावरच्या होडीवाल्याला फोन लावला. त्यानं कुठलाही तक्ता न बघता सांगितलं, "साडेसातांक जेटीर पावात." उपवास सोडायच्या दिवशी सगळ्यांना पहाटे उठवल्याबद्दल सौ.नी जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पणजीहून रायबंदरचा धक्का अगदी जवळ. तिथून फेरीबोटीनं मांडवी ओलांडली की चोडण. सकाळी नोकरीवाल्यांची गर्दी चोडणहून पणजीकडे असते, त्यामुळे आमची बोट बरीचशी रिकामी होती. अभयारण्य उतारापासून हाकेच्या अंतरावर आहे. वनखात्याचं प्रवेशाचं तिकीट घ्यायचं, कॅमेऱ्याचं वेगळं. होडीचे पैसे होडीवाल्याशी आधीच बोलून घ्यावेत. लाइफ जॅकेट मागून घ्या, आणि सैल वाटलं तर पट्टे आवळायला लावा; लहान मुलांच्या मापाचं हवं असेल तर फोनवरच सांगून ठेवा.

अभयारण्य जेमतेम 178 हेक्टरचं, 1988 साली जाहीर झालेलं. होडी आत वळली आणि हमरस्त्याचा आवाज तुटला. इंजिन नव्हतं, वल्ह्याचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. एका बाजूला कांदळ, कमानीसारखी मुळं पाण्यात रोवून उभे. दुसरीकडे तिवर, त्यांची श्वास घेणारी मुळं एरवी पेन्सिली खोचल्यासारखी चिखलातून वर आलेली असतात, भरतीला फक्त टोकं दिसतात. होडीवाला बोलला कमी. एका ठिकाणी वल्हं थांबवून त्यानं हनुवटीनं दाखवलं. हातभर अंतरावरच्या फांदीवर खंड्या, चोचीत मासा आडवा. तो मासा त्यानं फांदीवर दोनदा आपटला, मग डोकं पुढे करून गिळला. धाकटी पुढे कितीतरी वेळ गप्प होती, ही आमच्याकडे बातमी आहे.

मगरींबद्दल सगळेच विचारतात. या पाण्यात त्या आहेत; आम्हाला दिसली नाही. होडीतून हात बाहेर न टाकण्याची सूचना मात्र होडीवाल्यानं मुलांना दोनदा दिली. फोंडा तालुक्यातल्या दुर्भाटकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, तेव्हा इथली माणसं या शेजाराला सरावलेली आहेत हे समजून घ्यावं.

भरती फिरली तशी होडी मुख्य पात्राकडे निघाली, आणि पक्षी खरे तर त्यानंतर दिसायला लागले. पाणी उतरून चिखल उघडा पडतो, त्यात खाणं असतं, म्हणून पक्षी खाली येतात. ढोकरी, बगळे, शेपूट हलवत धावणारे तुतवार. उतरून आम्ही खारफुटीतल्या पायवाटेनं गेलो तेव्हा निवट्या, म्हणजे चिखलात वावरणारे छोटे मासे, चिखलावर उड्या मारत होत्या आणि एक नांगी भलतीच मोठी असलेले नर खेकडे ती उगारून एकमेकांना दम देत होते. पॅरासेलिंग पक्षाचं या खेकड्यांपुढे काही चाललं नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की होडी पूर्ण भरतीच्या थोडी आधी धरा आणि पाणी उतरताना चालायला लागा. मुंबईकडून येणाऱ्यांनी रजा टाकतानाच कॅलेंडरवर तिथी बघावी. स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. मळकट रंगाचे कपडे, पकड असलेल्या चपला आणि डासांचं मलम एवढं पुरतं. मलम विसरलात तर पायवाटेवर पाच मिनिटंही उभं राहवत नाही.

आणि तुमच्या वाट्याला अष्टमी आली, तर भरती पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास, मधली ओहोटी अकराला. त्या दिवशी सकाळच्या होडीचा नाद सोडा, पायवाट धरा. एजंटाची अकराची वेळ तेव्हा चालेल.