जुना ट्रॅक लोडर: तासांपेक्षा पट्ट्यांखाली काय आहे ते पाहावे

नॉर्थ कॅरोलिनाच्या पीडमाँट भागातील आमच्या जागेवर चढावाचा कच्चा रस्ता नीट करणे, पावसाच्या पाण्यासाठी चर काढणे आणि माजलेली झुडपे साफ करणे ही कामे हाती घेतली आहेत. इथली लाल चिकणमाती ओली झाली की चाकांचा स्किड स्टीअर (माती उचलणारा छोटा लोडर) जागच्या जागी वळताना रुततो, तर रुंद रबरी पट्ट्यांवर वजन पसरत असल्यामुळे ट्रॅक लोडर, म्हणजे चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारा तसाच लोडर, त्याच मातीत तगून काम करतो. म्हणून खर्च जास्त असला तरी ट्रॅक लोडरच घ्यायचा, तोही वापरलेला, असे ठरले होते. ती खरेदी आता पार पडली आहे.

जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा तासांचा, म्हणजे यंत्र आजवर किती तास चालले याचा असतो, पण माझ्या मते तो दुय्यम आहे. रबरी पट्टे साधारणपणे 1,200 ते 1,600 तास चालतात. खडीवर किंवा डांबरी रस्त्यावर सतत वळणे घेतली असतील, तर त्याहून बरेच लवकर संपतात. त्यांच्याबरोबर स्प्रॉकेट (पट्टा फिरवणारे दातेरी चाक) आणि रोलर व आयडलर (पट्ट्याला आधार देणारी चाके) हेही झिजतात. हे सगळे एकदम बदलायची वेळ आली, तर खर्च काही हजार डॉलरांवर जातो, आणि स्वस्तात मिळालेले यंत्र महागात पडते.

पाहिलेल्या यंत्रांपैकी एकाचे पट्टे नवे कोरे होते, परंतु स्प्रॉकेटचे दात एका अंगाने झिजून हुकासारखे वाकलेले होते. असे दात नव्या पट्ट्याचीही खराबी करतात, त्यामुळे ते यंत्र सोडून दिले. दुसऱ्या एकाची किंमत फारच आकर्षक होती, पण त्याच्या धुराड्यातील डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर (काजळी अडवणारी गाळणी) काढून टाकलेला होता. अमेरिकेत हे क्लीन एअर अ‍ॅक्टनुसार बेकायदा आहे, त्यामुळे तिथे घासाघीस करण्याचा प्रश्नच नव्हता.

शेवटी निवडलेले यंत्र कुबोटा एसव्हीएल 75-2 हे आहे. या वर्गातील अनेक इंजिने 74 अश्वशक्तीच्या आसपास असतात, याचे कारण 75 अश्वशक्तीपासून पुढे उत्सर्जनाचे नियम अधिक कडक होतात आणि मग सहसा डीईएफ हे धूर स्वच्छ करणारे युरियाचे द्रावणही भरत राहावे लागते. उचलण्याची मानांकित क्षमता 2,300 पौंड आहे. ट्रॅक लोडरच्या बाबतीत हा आकडा यंत्र कलंडायला लागणाऱ्या वजनाच्या 35 टक्के धरतात, तर चाकांच्या लोडरसाठी 50 टक्के. तुलना करताना हा फरक अवश्य लक्षात ठेवावा.

विक्रेत्याला आधीच विनंती केली होती की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. पोहोचल्यावर प्रथम इंजिनाला हात लावून ते थंड असल्याची खात्री केली, कारण गरम इंजिन सुरू होताना आपले दुखणे लपवते. दोन्ही बाजूंच्या फायनल ड्राइव्हचा (पट्टा फिरवणाऱ्या गिअरपेटीचा) प्लग उघडून थोडे तेल बोटांवर घेतले. ते काळपट होते, पण उन्हात धरून चोळल्यावर धातूची चमक दिसली नाही, आणि त्या क्षणी माझा निम्मा निर्णय झाला. मातीने भरलेली बकेट उचलून इंजिन बंद ठेवले असता यंत्राचे हात खाली सरकले नाहीत. बकेट मातीच्या ढिगात रेटली तेव्हा दोन्ही पट्टे सारख्याच जोराने फिरत होते. पट्ट्यांच्या खाचा मात्र झिजून जवळजवळ सपाट झाल्या होत्या. तेवढ्यावर किंमत कमी करून घेतली आणि नवे पट्टे लगेच मागवले.

पैसे देण्यापूर्वी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कार्यालयाच्या नोंदींत यंत्रावर कुणाचे कर्ज आहे का, हे तपासले. खाजगी व्यवहारात ही पायरी कुणीही गाळू नये, कारण मागील मालकाचे कर्ज थकले तर सावकार यंत्रच उचलून नेऊ शकतो.

यंत्राचे वजन सुमारे 9,000 पौंड असल्यामुळे ते माझ्या पिकअपमागे ओढणे सुरक्षित नव्हते. भाड्याच्या ट्रेलरने ते घरी आणले. सर्व तेले आणि फिल्टर बदलले आहेत. आता पट्टे बसवून त्यांचा ताण नीट करायचा, आणि मग रस्त्याच्या वरच्या टोकापासून चर काढायला सुरुवात करायची आहे.