भोरड्या

कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात ओळखीच्या एकांचा डबा घेऊन गेलो होतो. भेटीच्या वेळेला अजून दीड तास होता, म्हणून समोरच्या टाऊन हॉलच्या बागेत जाऊन बसलो. मार्च संपत आलेला. अशा दुपारी या बागेतली निम्मी माणसं दवाखान्यातलीच असतात. पिशवी उशाला घेऊन आडवी झालेली, डोळा लागलेला नसलेली.

डोक्यावर पिंपळात मात्र गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचा गलका चालला होता. वर बघितलं. साळुंकीएवढी पाखरं, डोकं आणि पंख काळे कुळकुळीत, मधलं अंग गुलाबी. पुस्तकात यांना पळसमैना म्हणतात. थंडीत यांचा गुलाबी रंग मळकटच असतो. पिसांची फिकट टोकं झिजत जातात, आणि परत निघायच्या दिवसांत खालचा खरा रंग उघडा पडतो. लग्नाला निघालेल्यानं नवे कपडे न शिवता जुनेच वापरून वापरून लख्ख करावेत, तसं. एप्रिलात निघतील, मध्य आशियाच्या बाजूला जातील, मे-जूनमध्ये तिकडे दगडांच्या सांदीकोपऱ्यांत अंडी घालतील. हे सगळं मला माहीत आहे. तरी त्या गलक्यानं माझा उजवा हात आपोआप खांद्यामागं गेला. गोफण फिरवायला.

आमच्या आज्जाच्या शाळवाला या पाखरांनी कधी सुख लागू दिलं नाही. तिथं पळसमैना वगैरे कोण म्हणणार, भोरड्या! कणसात चीक भरला की थवा ढगासारखा यायचा, एकदम खाली पडायचा आणि पुन्हा उठेपर्यंत कणसाचं बुरकूल राहायचं. सुट्टीच्या दिवशी मला माळ्यावर चढवायचे. एक टोक बोटात अडकवायचं, दगड ठेवायचा, डोक्यावरून तीन वेढे, आणि दुसरं टोक सोडायचं. कधी सोडायचं हेच मला शेवटपर्यंत जमलं नाही. माझा दगड सगळ्या दिशांना जायचा. एकदा तर मागं गेला. मागनं आज्जी ताकाची कासंडी घेऊन येत होती. कासंडीला पोचा आला, आज्जीला काही झालं नाही, पण तिनं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी आजवर लिहून काढलेल्या नाहीत. भोरडी एकही मेली नाही. आज्जा म्हणाला, "ह्याला खाली उतरवा, पाखरं परवडली."

"भोरड्या न्हवं त्या?"

शेजारच्या बाकावर एक पटकेवाले आजोबा उठून बसले होते. मांडीवर रिकामा डबा.

"व्हय की," म्हटलं.

"शाळू निघाला की आता. कशाला थांबल्यात?"

"निघाल्यात. पिंपळाची फळं खाऊन जाणार."

मग मला राहवलं नाही. मी त्यांना सांगितलं, की चीनमध्ये शिंजियांग म्हणून मुलूख आहे, तिथं टोळांनी गवताची कुरणं फस्त केली तेव्हा लोकांनी याच पाखरांसाठी मुद्दाम दगडांची घरटी रचली. टोळ खायला यावीत म्हणून.

आजोबा बराच वेळ वर बघत राहिले.

"घरं बांधून दिली? भोरड्यांस्नी?"

"हो."

"त्यांच्यात शाळू नसंल."

यावर काय बोलणार? हॉलच्या आत संग्रहालय आहे; तिथं काचेपलीकडे, इथल्याच ब्रह्मपुरीला सापडलेला रोमनांचा समुद्रदेव उभा आहे. वीतभरही उंच नसलेला, ब्राँझचा. तोही असाच पश्चिमेकडून आलेला, पण तो आला तो राहिलाच. त्याची आठवण आजोबांना सांगावी असं मनात आलं, पण एका दुपारी किती शहाणपणा करायचा!

"परत कवा येत्यात?" त्यांनीच विचारलं.

"ऑगस्ट-सप्टेंबरात."

त्यांनी बोटांची पेरं मोजली. पेरणी, पोटरी, चीक. मग डब्याचं झाकण घट्ट दाबून उगाच पुन्हा उघडलं.

"राखण आमची मंडळीच करत्यात. माझा न्हाई बसत नेम. तिचा दगूड बरोबर थव्याच्या म्होरं पडतो. मारायचं न्हाई, नुस्तं वळवायचं, म्हणती." त्यांनी रस्त्यापलीकडच्या इमारतीकडं मान वळवली. "खुब्याचं हाड मोडलंय. डागदर म्हणत्यात, तीन म्हैन्यात उभी ऱ्हाईल."

"मग येईल की वेळेत."

"माळ्यावर चढाय यायला पायजे ना पन."

पिंपळातला गलका एकाएकी थांबला आणि सगळा थवा हॉलच्या शिखरावरून पलीकडे गेला. आजोबांनी तिकडं बघितलं नाही. चार वाजायला आले होते. ते डबा पिशवीत घालत होते.