अर्धा कोयता

सोनीचा उपचारांच्या 29व्या दिवसाचा बोन मॅरोचा रिपोर्ट आला, तेव्हा तो सांगायला मी स्वतः धावत डे-केअरमध्ये गेले होते. डॉक्टर म्हणाले, "रेमिशन आहे." मी म्हणाले, "आजार आता दिसत नाही हो!" सोनीच्या आईने पदर डोळ्यांना लावला. वडिलांनी एवढंच विचारलं, "म्हंजे गेला ना ताई?" मागून कुणीतरी मला हाक मारली आणि मी मान हलवून निघाले. त्या मान हलवण्याचा मला आजही त्रास होतो.

मी परळमधल्या एका रुग्णालयात लहान मुलांच्या कॅन्सर विभागात मेडिकल सोशल वर्कर आहे. सोनी साडेचार वर्षांची. नाव बदललं आहे आणि गाव सांगत नाही, बीड जिल्हा एवढंच. गणपतीच्या आधी महिनाभर ताप येत-जात होता, पायांवर निळे डाग उठले होते, पाय दुखतात म्हणून पोरगी कडेवरून उतरेना. तालुक्याला रक्त तपासलं आणि चौथ्या दिवशी हे तिघं आमच्या दारात उभे होते. निदान झालं, ए.एल.एल. लहान मुलांत सगळ्यात जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर.

पहिल्या भेटीत मी सगळं समजावलं, असं मला वाटलं होतं. पहिला टप्पा चार आठवड्यांचा, पूर्ण उपचार दोन-अडीच वर्षांचे. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत काय बसतं, प्लेटलेट्ससाठी दाते कसे आणायचे, 100.4च्या वर ताप गेला तर रात्रीचे तीन वाजलेले असोत, तसंच निघून यायचं. वडील प्रत्येक वाक्याला "हो ताई" म्हणत होते. मी दिलेला कागद त्यांनी चार घड्या घालून खिशात ठेवला. दोन-अडीच वर्षं हा आकडा त्यांच्या घरात नेमका कशावर जाऊन आदळणार आहे, हे मी विचारलं नाही.

खरं तर आईने ते मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. व्हरांड्यात गाठून तिने खालच्या आवाजात विचारलं, "माझ्यामुळं तर नाही ना झालं? ही पोटात असताना म्या शेवटपत्तोर ऊस तोडलाय." जवळजवळ प्रत्येक आई या ना त्या रूपात हे विचारतेच. मी तिचा हात धरून सांगितलं, नाही, तुमच्या कष्टांनी नाही, खाण्यापिण्याने नाही, कुणाच्या नजरेनेही नाही, आणि हा एकाचा दुसऱ्याला होतही नाही. ते सगळं खरंच होतं. पण तिच्या वाक्यातला 'ऊस' माझ्या कानावरून गेला.

तो महिना स्टिरॉइडचा. पोरीचा चेहरा फुगला आणि भूक अशी, की रात्री दोन वाजता उठून भाकरी मागायची. नाही म्हटलं तर हातपाय आपटायची. आई बिचारी घाबरली, पोरगी अशी कधीच नव्हती म्हणाली. औषध आहे ते, पोरगी तीच आहे, असं तिला रोज सांगावं लागे. दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टिन. हे औषध सदाफुलीतून मिळतं असं मी एकदा बोलता बोलता सांगितलं, तर तिचा चेहरा उजळला. "आमच्या उकिरड्याकडंला लई हाय की!" मी लगेच बजावलं, पाला उकळून एक थेंबही द्यायचा नाही, विषारी झाड आहे ते, त्यातलं औषध वेगळं काढून, सोनीच्या वजनामापाने, शिरेतूनच द्यायचं असतं. तिने मान डोलावली. पण त्यानंतर इंजेक्शन लागलं की ती सोनीला सांगायची, "आपल्या दारातलं फूल हाय बाई ते."

रिपोर्टनंतर पाच दिवसांनी सोमवार होता. पुढच्या टप्प्याचं पाठीतलं इंजेक्शन. अकरा वाजले, बारा वाजले, सोनी आली नाही. वडिलांचा फोन बंद. फाइलवर दुसरा नंबर गावच्या आशा सेविका ताईंचा होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते निघालेत म्हणे मुंबईहून. दसऱ्याला ऊसतोडीची टोळी उचलायची आहे ना."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी पाचला मी दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत पोचले. फाटकाशी दोन बोचकी, एक बादली, आणि तोंडाला मास्क लावलेली सोनी बादलीवर बसलेली. रात्री आठची ट्रॅव्हल्स होती. मला बघताच वडिलांची मान खाली गेली. मी वाटेत रागाची दहा वाक्यं जुळवली होती, ती सगळी गिळली आणि शेजारी पायरीवर बसले. विचारलं, "उचल किती घेतलीय, दादा?"

माणूस हळूहळू बोलायला लागला. जूनमध्ये जोडीची सव्वा लाख उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम. त्यातले निम्मे बहिणीच्या लग्नाचं जुनं देणं फेडण्यात गेले, उरलेले सोनीच्या पहिल्या तपासण्यांत. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेणार. बायको इथे राहिली तर उरतो अर्धा कोयता. एक दिवस चुकला की खाडा धरतात, पैसे कापतात. टोळी नेणारा मुकादम दोन दिवस म्हाताऱ्या आईच्या दारात बसून होता. "लेकरू खेळायलंय, खायलंय. तुमीच म्हणलात आजार दिसत नाही. मग काय करूत ताई इथं?"

माझ्याच शब्दाने तो निघाला होता. मी म्हणाले, चुकलं माझं. दिसत नाही म्हणजे गेला नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एकही वाईट पेशी सापडली नाही तरी अंगात कोट्यवधी लपलेल्या असू शकतात. औषध इथे थांबलं तर त्या परत वाढतात, आणि परत आलेला आजार आवरणं फार कठीण जातं. त्यांनी बराच वेळ फरशीवर बोट फिरवलं. "हराळीवानी म्हणा की. वरून काढली तरी काशा राहत्यात खाली." इतकी वर्षं मी चित्रं काढून समजावते आहे, हा शब्द मला सुचला नव्हता.

ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, पाचटाच्या धुळीत, कालव्याच्या पाण्यावर, पांढऱ्या पेशी कमी असलेलं मूल ठेवणं म्हणजे काय, तेही बोललो. आई तोपर्यंत गप्प होती. ती एकदम म्हणाली, "म्या नाही जात. तुमी जावा."

मग तासभर फोन चालले. धाकटा दीर जोडीला यायला तयार झाला. मुकादमाला स्पीकरवर घेतलं. मी भांडायच्या तयारीने बसले होते, पण त्यालाही कारखान्याची उचल फेडायची होती, तो तरी काय करणार? म्हणाला, दोघे भाऊ येऊ द्या, पण खाडा धरीन. थोरला मुलगा नऊ वर्षांचा, तो गावातल्या हंगामी वसतिगृहात राहील, आजीच्या नजरेसमोर. ट्रॅव्हल्समध्ये एकटे वडील चढले. सोनी खिडकीकडे हात करून रडत होती. मंगळवारी सकाळी ती इंजेक्शनला हजर होती.

तो हिवाळा कठीण गेला. दोनदा ताप येऊन दाखल करावं लागलं. एकदा प्लेटलेट्स इतक्या उतरल्या, की नाकातलं रक्त थांबेना. वडील रोज रात्री फडावरून फोन करत, कधी रेंज नसे. एप्रिलमध्ये हंगाम संपून पट्टा पडला तसे ते थेट मुंबईला आले. हातांना उसाच्या पाचटाचे चरे, पिशवीत गुळाची ढेप. सोनी त्यांना बघून आधी आईच्या मागे लपली.

पुढे मेंटेनन्स, म्हणजे उपचारांचा शेवटचा लांब टप्पा, सुरू झाला, गोळ्यांवर घरी जायची वेळ आली. रोजची गोळी वेगळी आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेट वेगळी. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेततं, म्हणून मी तीनतीनदा विचारत होते. आईला अक्षरओळख जेमतेम. तिने कालनिर्णय उलगडून दाखवलं, प्रत्येक सोमवारी कुंकवाचं बोट. "महादेवाच्या वारी मोठी गोळी. माझा उपास चुकल, ही नाही चुकायची."

पुढल्या जूनमध्ये तपासणीला सोनीचे वडील एकटेच आधी माझ्या टेबलाशी आले. सोनीच्या डोक्यावर मऊ केस आले होते, ती बाहेर बाकड्यावर उड्या मारत होती. "ताई, औंदा कवाकवा यायचंय ते लिहून द्या. मग उचल घेतो. भावाला अन् मलाच घेणार." मी तारखा लिहून दिल्या. कागदाच्या चार घड्या झाल्या, खिशात गेला. उठता उठता ते थांबले.

"अन् फायलीत मुकादमाचा बी नंबर घालून ठिवा."